विज्ञानकथेतली ट्रान्स माणसं: देह बदलल्यानंतरची गोष्ट

विज्ञानकथेत आणि अद्भुतकथेत देहाला कसलंच बंधन नसतं. राजपुत्राचा बेडूक होतो, मेंदू काढून यंत्रात बसवला जातो, माणूस भिंतीतून आरपार जातो आणि वाचक बिनतक्रार पान उलटतो. ट्रान्सजेंडर माणसाची गोष्ट सांगायला याहून मोकळी जागा कुठली असणार? लेखकांनी ती वापरलीही आहे, शंभराहून अधिक वर्षं. तरी त्यातल्या पुष्कळ गोष्टी वाचून ट्रान्स वाचक विचारतात, यात आम्ही कुठं आहोत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या गोष्टी कशा रचल्या गेल्या यात सापडतं.

सोलापुरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसून वाचतो. त्यात शिक्षक आहेत, निवृत्त बँकवाले आहेत, कॉलेजची पोरं आहेत. आणि एक ट्रान्स मैत्रीण आहे, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करणारी. ती भरपूर वाचते आणि मोजकं बोलते. या लेखातले काही मुद्दे तिच्याशी बोलता बोलता सुचले. तिच्या परवानगीनं, तिचं नाव न घेता, ते लिहिते आहे.

आधी शब्दांपुरतं थोडं. बाळ जन्मलं की त्याचं शरीर बघून कागदावर 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलं जातं. बहुतेकांना ते आयुष्यभर पटतं, काहींना पटत नाही. कागदावर लिहिलंय ते आपण नाही, ही जाणीव कुणाला शाळेत जायच्या आधी होते, कुणाला चाळिशीत. अशा माणसांना ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात. जन्माच्या वेळी मुलगा ठरवली गेलेली पण स्त्री असलेली ती ट्रान्स स्त्री. मुलगी ठरवला गेलेला पण पुरुष असलेला तो ट्रान्स पुरुष. काही जण स्वतःला या दोन्हींत बसवत नाहीत. कुणी शस्त्रक्रिया करून घेतं, कुणी फक्त हार्मोनची औषधं घेतं, कुणी यातलं काहीच करत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2014 च्या 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली ही ओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. प्रेम कुणावर बसतं हा निराळा विषय. त्याची इथं गल्लत नको.

आता गोष्टींकडं. अशी कुठलीही कथा हातात आली की मी दोन गोष्टी बघते. देह बदलला तो कुणाच्या इच्छेनं? आणि बदलल्यावर तो कुणी मान्य केला, कुणी नाही?

शिखंडी आणि भीष्म

या दोन्ही प्रश्नांची सगळ्यात धारदार मांडणी मला महाभारतात दिसते. शिखंडीची हकिगत आपल्याला अर्धीच माहीत असते: अर्जुनानं त्याला पुढं उभं केलं आणि मागून भीष्मावर बाण सोडले. त्याआधीची अर्धी उद्योगपर्वाच्या शेवटी आहे आणि ती खुद्द भीष्मच दुर्योधनाला सांगतो.

द्रुपदाला शंकराचा वर मिळालेला असतो की तुला आधी कन्या होईल आणि तीच पुढं पुरुष होईल. त्या भरवशावर राजा-राणी मुलगा झाल्याचंच जाहीर करतात. शिखंडीला मुलासारखं वाढवतात, द्रोणांकडं धनुर्विद्या शिकवतात आणि दशार्ण देशाचा राजा हिरण्यवर्मा याच्या मुलीशी लग्न लावून देतात. मग व्हायचं तेच होतं. बायकोला कळतं, बातमी माहेरी जाते आणि सासरा सैन्य गोळा करतो. आपल्यापायी आईबाप संकटात आले म्हणून शिखंडी जीव द्यायला रानाची वाट धरतो. तिथं स्थूणाकर्ण नावाचा यक्ष भेटतो. त्याला दया येते. तो ठराविक मुदतीसाठी आपलं पुरुषत्व शिखंडीला देतो आणि शिखंडीचं स्त्रीत्व स्वतःकडं घेतो. शिखंडी परत येतो. हिरण्यवर्मा खात्री करून घ्यायला काही स्त्रियांना पाठवतो. त्या येतात, बघतात आणि जावई पुरुषच आहे असा निर्वाळा देतात. तेव्हा कुठं युद्ध टळतं. इकडं कुबेर यक्षाच्या घरी येतो, स्त्रीदेहातला यक्ष लाजेनं सामोरा येत नाही, म्हणून कुबेर त्याला शाप देतो की आता असाच राहा. शिखंडी मेल्यावरच तुझं रूप तुला परत मिळेल. म्हणजे उधारीवर मिळालेलं पुरुषपण शिखंडीला जन्मभरासाठी मिळून जातं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर भीष्म म्हणतो, जो पूर्वी स्त्री होता त्याच्यावर मी शस्त्र चालवणार नाही.

इथं नीट थांबायला हवं. शंकराचा वर आहे, यक्षाचं दान आहे, कुबेराचा शाप आहे, सासऱ्यानं केलेली तपासणीसुद्धा आहे. देहाच्या बाजूनं एकही फट उरलेली नाही. आणि हे सगळं भीष्माला तोंडपाठ आहे, सांगतोय तोच. तरीही त्याच्या लेखी शिखंडी स्त्रीच राहतो. महाभारतकारांनी ट्रान्स माणसाची गोष्ट म्हणून हे लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांचा विषय शिखंडीच्या रूपानं पुन्हा जन्मलेल्या अंबेचा सूड आणि भीष्माची प्रतिज्ञा होता. पण देह बदलणं एक आणि तो बदल दुसऱ्यानं मानणं दुसरं, या दोन गोष्टींमधलं अंतर त्यांनी जसं दाखवलं, तसं विसाव्या शतकातल्या कित्येक विज्ञानकथांना जमलेलं नाही.

आमच्या मैत्रिणीनं हा भाग मोठ्यानं वाचला आणि पुस्तक मिटून म्हणाली, "मॅडम, माझं ऑपरेशन झालं, आधारवर नाव बदललं, बँकेत बदललं. आमच्या वाड्यातले आजोबा अजून जुन्याच नावानं हाक मारत्यात. म्हणत्यात, मला तर तू तोच दिसतोस." गटातल्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलं, मग तुम्ही काय करता? ती म्हणाली, "ओ देत नाही."

दुसऱ्याच्या मर्जीनं झालेले बदल

पाश्चात्त्य बालसाहित्यातही एक जुनं उदाहरण आहे. एल. फ्रँक बॉम यांच्या ओझ या जादूच्या देशावरच्या मालिकेतलं दुसरं पुस्तक 1904 मध्ये आलं. त्यात टिप नावाचा मुलगा एका चेटकिणीच्या घरी राबत असतो. शेवटी उघड होतं की तो मुळात ओझ्मा नावाची राजकन्या आहे. तान्ही असताना चेटकिणीनं जादूनं तिला मुलगा करून टाकलेलं असतं. आता मूळ रूपात परत यायचं म्हटल्यावर टिप घाबरतो, मला मुलगाच राहू द्या म्हणतो. मोठी माणसं समजूत घालतात, राज्याला वारस हवा असतो. ओझ्मा पडद्याआडून बाहेर येते आणि मित्रांना सांगते की मी तीच आहे, तुमचा टिप. पुष्कळ ट्रान्स वाचकांना लहानपणी हे पान फार आवडलेलं असतं, कारण असं काही घडू शकतं हे त्यांनी पहिल्यांदा तिथंच वाचलं. पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं अडखळतं: टिपला हे नको होतं.

आपल्याकडच्या इलेचंही तसंच. सुद्युम्न राजा शिकारीच्या नादात शंकर-पार्वतीच्या वनात शिरतो आणि इला नावाची स्त्री होतो, कारण त्या वनात पाऊल टाकणाऱ्या पुरुषाचं तसंच होणार असतं. तो बदल त्याच्यावर कोसळतो. जुन्या अद्भुतकथांत देहबदल बहुतेक वेळा शाप असतो, शिक्षा असते किंवा गंमत असते. ट्रान्स माणसाचं आयुष्य नेमकं उलट असतं. तिथं इच्छा आधी येते, वर्षानुवर्षं थांबते आणि तिला जादू भेटत नाही.

सोलापूरच्या वाचकाला इथं जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, आठवतील. कर्नाटकाची हद्द जवळ आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारी घरं इथं पुष्कळ. डोक्यावर देवीचा जग (मूर्ती ठेवलेली टोपली), हातात चौंडकं, अंगावर लुगडं, असे जोगते आपण मंगळवारी-शुक्रवारी दारात पाहिलेले असतात. 'देवीनं धरलं' असं म्हटलं की घरच्यांना मान तुकवावी लागते. मला वाटतं, अनेकांना या शब्दांचा आधार झाला असणार, कारण स्त्री म्हणून जगायची स्वतःची इच्छा आहे हे तोंडानं सांगावं लागत नाही. देवीनं निवडलं एवढं पुरतं. पण हाच आधार दुसऱ्या कुणाच्या गळ्यात फास होतो. 2009 चा 'जोगवा' हा चित्रपट लोक ट्रान्स माणसांवरचा म्हणून सर्रास सांगतात. तो तसा नाही. त्यातला तायप्पा पुरुष आहे, पुरुष म्हणूनच जगू पाहतो आणि देवीच्या नावाखाली त्याला लुगडं नेसवलं जातं. उपेंद्र लिमये यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची घुसमट खरी आहे, आणि ती ट्रान्स स्त्रीच्या घुसमटीच्या आरशातली प्रतिमा आहे: दोघांनाही न पटणारा लिंगभाव दुसऱ्यांनी लादलेला असतो. 'कुणाच्या इच्छेनं?' एवढं विचारलं की हा फरक लगेच दिसतो.

सगळेच बदलतात तेव्हा

विसाव्या शतकाच्या मध्यावर विज्ञानकथा हा विषय शापाच्या कचाट्यातून काढून प्रयोगशाळेत नेते. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक म्हणजे उर्सुला ले ग्विन यांची 1969 ची कादंबरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले.

गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. थोडे दिवस त्यांच्या देहात बदल होतो आणि त्या वेळी कुणीही स्त्री होऊ शकतं, कुणीही पुरुष. एकाच माणसाला काही मुलं पोटची असतात आणि काहींचा तो बाप असतो. राजाला दिवस गेलेत ही तिथं साधी बातमी असते. या जगात पृथ्वीवरून जेनली आय नावाचा दूत येतो. तो कायमचा पुरुष. गेथेनच्या लोकांच्या नजरेत ही विकृतीच. ज्याला आपण सर्वसाधारण समजतो तोच तिथं चमत्कारिक ठरतो, ही कादंबरीची मोठी करामत. गेथेनवर 'बाईच्या जातीला शोभत नाही' हे वाक्य कुणाला उच्चारताच येणार नाही.

पण ही ट्रान्स माणसाची गोष्ट आहे का? नाही, असं मला वाटतं. गेथेनवर कुणाचाच देह कुणाच्या मनाशी भांडत नाही. ले ग्विन यांचा विषय होता स्त्री-पुरुष हा भेदच काढून टाकला तर समाज कसा दिसेल. आणि एक अडचण त्यांना पुढं फार सलली: गेथेनच्या सगळ्या माणसांसाठी त्यांनी इंग्रजीतलं पुरुषवाचक सर्वनाम वापरलं होतं, त्यामुळं वाचकाच्या डोळ्यांपुढं सगळे पुरुषच उभे राहतात. त्यांनी आधी एका लेखात आपल्या निवडीचं समर्थन केलं, मग 1980 च्या दशकात त्याच लेखावर नव्यानं टिपणं लिहून ते समर्थन मागं घेतलं. आपलं काम इतक्या प्रामाणिकपणे तपासणारे लेखक थोडे. मराठीत हीच कादंबरी लिहायची तर काम कितीतरी अवघड, कारण आपल्याकडं 'मी आले' की 'मी आलो' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. ट्रान्स माणसाला घरात बोलायला तोंड उघडलं की रोज हाच उंबरा ओलांडावा लागतो.

पुढच्या पिढीनं विचारलं, बदल स्वस्त आणि सोपा झाला तर? जॉन वार्ली यांच्या 1979 च्या 'ऑप्शन्स' या कथेत चंद्रावर राहणारी क्लिओ नावाची बाई, नवरा आणि मुलं असलेली, देह बदलून लिओ नावाचा पुरुष होते. तंत्रज्ञान तयार आहे, खर्च परवडतो, हरकत आहे ती नवऱ्याची. इयन बँक्स यांच्या 'कल्चर' कादंबऱ्यांतली माणसं तर नुसतं मनात आणून हळूहळू देह बदलू शकतात. आयुष्यात एकदाही न बदलणारा तिथं थोडा विचित्र समजला जातो. वाचायला हे फार सुखद आहे. त्यातून एक गोष्ट ठसते, की देह ही अंतिम आज्ञा नाही. मात्र सगळेच सहज बदलतात तिथं कुणालाच झगडावं लागत नाही, आणि झगडा गेला की ज्याला तो रोज करावा लागतो तो वाचकही पानावरून नाहीसा होतो. क्लिओच्या नवऱ्यामुळं वार्ली यांची कथा मला बँक्स यांच्या जगापेक्षा जास्त खरी वाटते.

'द मेट्रिक्स' दुसऱ्या बाजूनं

1999 चा हा चित्रपट डब होऊन आपल्याकडं इतक्या वेळा दाखवला गेलाय की गोष्ट सांगायची गरज नाही. सोलापुरी चादर उलटी केली तरी नक्षी तीच राहते, रंगांची तेवढी अदलाबदल होते. हा चित्रपट तसा दोन्ही बाजूंनी बघता येतो. एका बाजूनं यंत्रं विरुद्ध माणसं. दुसऱ्या बाजूनं अशा माणसाची गोष्ट, ज्याला काही तरी मुळातच चुकलंय असं आयुष्यभर वाटत आलंय, पण काय ते सांगता येत नाही. ज्याला एक कागदोपत्री नाव आहे आणि एक स्वतः घेतलेलं.

चित्रपट बनवणाऱ्या दोघी बहिणी, लाना आणि लिली वाचोस्की, तेव्हा जगाला भाऊ म्हणून माहीत होत्या. लाना यांनी 2012 मध्ये आणि लिली यांनी 2016 मध्ये आपण ट्रान्स स्त्रिया असल्याचं जाहीर सांगितलं. 2020 मध्ये लिली यांनी सांगितलं की चित्रपटामागचा मूळ हेतू हाच होता, पण तेव्हा जग त्यासाठी तयार नव्हतं. त्यांच्या कल्पनेत स्विच हे पात्र खऱ्या जगात पुरुष आणि मेट्रिक्सच्या, म्हणजे यंत्रांनी रचलेल्या आभासी जगाच्या, आत स्त्री असणार होतं. पडद्यावर ते उतरलं नाही, नाव तेवढं राहिलं.

एक प्रसंग मुद्दाम पुन्हा बघण्यासारखा आहे. यंत्रांच्या बाजूचा एजंट स्मिथ नायकाला संपूर्ण चित्रपटभर 'मिस्टर अँडरसन' म्हणतो, त्याच्या कागदावरच्या नावानं, एकेक अक्षर चघळत. शेवटाकडं भुयारी रेल्वेच्या स्टेशनात त्यानं नायकाला रुळांवर दाबून धरलेलं असतं, समोरून गाडी येत असते आणि स्मिथ पुन्हा तेच नाव उच्चारतो. तेव्हा नायक म्हणतो, माझं नाव निओ आहे, आणि ताकद लावून उसळी घेतो. आता याच्या शेजारी लाना यांनी 2012 च्या एका भाषणात सांगितलेली आठवण ठेवून बघा. किशोरवयात त्या जीव द्यायच्या इराद्यानं रेल्वेच्या फलाटावर गेल्या होत्या. तिथं एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडं बघत राहिला, नजर हटवेना. त्या नजरेमुळं आपण वाचलो असं त्या म्हणाल्या. फलाट, येणारी गाडी आणि नाव. आमच्या गटात हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मग निवृत्त बँकवाल्या काकांनी तो प्रसंग परत लावायला सांगितला.

स्मिथ आणि भीष्म यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण एका बाबतीत दोघं एकाच जागी उभे आहेत. समोरचा कोण आहे हे समोरच्यानं सांगितलेलं त्यांना चालत नाही.

ट्रान्स लेखक लिहू लागले तेव्हा

खरा पालट इथं होतो. रेचल पोलॅक या ट्रान्स लेखिका; त्यांच्या कादंबरीला विज्ञानकथेसाठीचा 1989 चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला होता. 1990 च्या दशकात त्यांनी 'डूम पट्रोल' या कॉमिक मालिकेत कोअ‍ॅग्युला नावाची ट्रान्स सुपरहिरोइन आणली. वस्तू विरघळवणं आणि पुन्हा घट्ट करणं ही तिची शक्ती. ती दुसऱ्या कुणाच्या गोष्टीतला धक्का म्हणून येत नाही, कामाला येते.

एप्रिल डॅनियल्स यांच्या 2017 च्या 'ड्रेडनॉट' कादंबरीबद्दल जरा सविस्तर सांगते. डॅनी पंधरा वर्षांची आहे. ती मुलगी आहे हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. सुरुवातीला ती लपून पायाच्या नखांना नेलपॉलिश लावत असते. पायाच्या, कारण बुटात झाकता येतं. तेवढ्यात तिच्यासमोर जगातला सगळ्यात मोठा सुपरहिरो मरून पडतो आणि त्याची शक्ती तिच्यात येते. त्या शक्तीबरोबर तिचा देहही बदलतो, तिला मनातून हवा होता तसा. बहुतेक जुन्या गोष्टी इथं संपल्या असत्या. ही इथं सुरू होते. बाप डॉक्टरांकडं नेऊन हे 'बरं' करायच्या मागं लागतो. सुपरहिरोंच्या संघटनेत एक जण तिला मुलगी मानायलाच तयार होत नाही. डॅनी आता उडू शकते, विमान पेलू शकते, आणि घरी गेल्यावर बापाच्या आवाजानं तिचे पाय लटपटतात. यक्षाचं दान मिळालं, भीष्म मात्र जागच्या जागी. ज्यांनी हे भोगलंय त्यांनाच एवढ्या बारकाईनं दिसतं.

रायका आओकी यांच्या 2021 च्या 'लाइट फ्रॉम अनकॉमन स्टार्स'मध्ये सैतानाशी करार केलेली व्हायोलिनची शिक्षिका आहे आणि परग्रहावरून पळून आलेलं एक कुटुंब डोनटचं दुकान चालवतं. या गोंधळात कॅट्रिना ही घरातून पळालेली ट्रान्स मुलगी येते, तिच्याजवळ तिचं व्हायोलिन. आत्म्यांचे सौदे आणि अंतराळयानं यांच्यापेक्षा तिला जास्त भीती वाटते ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या नजरेची. आओकी ट्रान्स स्त्री आहेत. त्यांनी कॅट्रिनाला जादूनं बदलून टाकलेलं नाही. तिला एक गुरू दिलीय, जेवण दिलंय आणि दार बंद करता येईल अशी खोली दिलीय.

याचा अर्थ ट्रान्स लेखकांसाठी वाट मोकळी झाली असा नाही. जानेवारी 2020 मध्ये इझाबेल फॉल या नावानं एक कथा एका नामांकित विज्ञानकथा-मासिकात आली. ट्रान्स लोकांची टवाळी करणारं एक प्रचलित वाक्य त्या लेखिकेनं शीर्षक म्हणून घेतलं होतं आणि आत त्याला गंभीर उत्तर दिलं होतं. पुष्कळ जण कथा न वाचताच लिहिणारी व्यक्ती ट्रान्सद्वेष्टी असणार असं ठरवून तिच्यावर तुटून पडले, त्यांत ट्रान्स माणसांच्या बाजूनं बोलणारेही होते. लेखिका स्वतः ट्रान्स होती. छळ असह्य होऊन तिनं कथा मागं घेतली. नंतर ती कथा ह्यूगोच्या अंतिम यादीत पोहोचली, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. स्वतःची ओळख सिद्ध कर, मगच लिही, हा हट्ट म्हणजे हिरण्यवर्म्यानं पाठवलेली तपासणीच.

मराठीत

भारतीय लेखकांत कोलकात्याच्या इंद्र दास यांची 2015 ची इंग्रजी कादंबरी 'द डेव्हरर्स' आहे: मुघल काळातले रूप बदलणारे जीव, आणि त्यांच्याबरोबर वाहणारी स्त्री-पुरुषपणाची सीमा. मराठीत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन आहे, दिशा पिंकी शेख यांच्या कविता आहेत. दोन्ही ताकदीची आहेत आणि दोन्ही वास्तवाच्या अंगानं जातात. मराठी विज्ञानकथेची परंपराही दांडगी. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, तिथपासून कितीतरी पिढ्या दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांवर वाढल्या. कृष्णविवरं आली, यंत्रमानव आले, परग्रहवासी आले. मध्यभागी ट्रान्स माणूस असलेली मराठी विज्ञानकथा माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ही उणीव मला मनापासून खुपते. यक्ष, जोगते, मोहिनी, बृहन्नडा एवढा ऐवज घरात असताना आपण ही जागा रिकामी ठेवलीय.

आमच्या मैत्रिणीला विचारलं की तुझ्यासाठी कुणी विज्ञानकथा लिहिली तर काय हवं. तिचं उत्तर तयार होतं. "यानात माणसं असतील तर त्यांना कपडे लागणार ना? मी तिथं शिवणखात्याची हेड. एवढंच. मी ट्रान्स आहे हे एका ओळीत येऊ दे, आणि पुढं स्पेससूट उसवल्याची गोष्ट चालू दे."

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मोठ्यांनी उद्योगपर्वातलं अंबोपाख्यान मराठी भाषांतरातून सलग वाचावं; एका बैठकीत होतं. इंग्रजी वाचणाऱ्या कॉलेजच्या मुलांना 'ड्रेडनॉट' द्या, ले ग्विन नंतर. मालिका बघणाऱ्यांना 2015 ची 'सेन्स8' आहे, वाचोस्की भगिनींचीच. त्यात नोमी ही ट्रान्स हॅकर आहे, भूमिका जेमी क्लेटन या ट्रान्स अभिनेत्रीची आहे आणि कथा मुंबईतही येते. ती मालिका मोठ्यांसाठीच. सातवी-आठवीतल्या मुलांबरोबर बघायला 2023 चा 'निमोना' हा ॲनिमेशनपट चांगला: हवं ते रूप घेणारी एक मुलगी, आणि तू नक्की आहेस तरी काय असं विचारणारा तिचा मित्र. त्याच्या मूळ चित्रकथेचे कर्ते एन. डी. स्टीव्हन्सन यांनी नंतर आपण ट्रान्स असल्याचं सांगितलं. चित्रपट चालू असताना मधेच थांबवून मुलांना काही समजावत बसू नका. संपल्यावर त्यांचे प्रश्न येतील, त्यांना वेळ द्या.